अंगठा वर : स्कुबाच्या व्हिडिओतून काय कापलं जातं

घाटंजीत माझं लग्नाच्या व्हिडिओंचं काम आहे. शूटिंग दोघं मित्र करतात, मी दुकानात बसून एडिटिंग करतो. हळद, वरात, मंगलाष्टकं, पाठवणी असा क्रम ठरलेला. गेल्या काही वर्षांत या क्रमाच्या शेवटी आणखी एक तुकडा जोडायची मागणी येऊ लागली आहे. जोडपं कोकणात फिरून येतं, काउंटरवर पेन ड्राइव्ह ठेवतं आणि म्हणतं, "दादा, हे शेवटी लावून द्या ना." पेन ड्राइव्हवर दीड-दोन मिनिटांची क्लिप असते. मालवणच्या समुद्रातली. हिरवट निळ्या पाण्यात दोघं, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे.

घाटंजीहून मालवण सरळ रेषेत मोजलं तरी पावणेसातशे किलोमीटर. आमच्याकडे पाणी म्हणजे वाघाडी नदी, विहीर आणि मे महिन्यात टँकर. त्यामुळे पाठवणीनंतर पडद्यावर समुद्राचा तळ आला की घरातली म्हातारी माणसंही सरसावून बसतात. मी अशा तीसेक क्लिपा जोडल्या असतील. त्या जोडताना मला त्यांचं व्याकरण पाठ झालं. हा लेख त्या व्याकरणाबद्दल आहे. ज्या सिनेमांमधून ते आलं त्यांच्याबद्दल आहे, आणि एका अंगठ्याबद्दल, जो मी स्वतः पाण्याखाली वर केला होता.

दीड मिनिटाचं व्याकरण

क्लिप नेहमी पाण्याखालीच सुरू होते. पहिल्या शॉटमध्ये बुडबुडे. मग चेहरा, मास्कमागे मोठे दिसणारे डोळे. मग मासे, आणि ते इतके जवळ येतात कारण कुणीतरी चौकटीबाहेरून पाव किंवा बिस्किटाचा चुरा सोडत असतो. मग हातात हात. आणि शेवटी, न चुकता, कॅमेऱ्याकडे बघून अंगठा वर. मागे एखादं हिंदी गाणं. संपलं.

प्रवाळ या क्लिपांमध्ये असतो, पण तो लग्नाच्या स्टेजमागच्या पडद्यासारखा. लेन्स त्याच्यावर थांबत नाही. तीस क्लिपांमध्ये प्रवाळाचा स्वतंत्र शॉट मला दोनदाच सापडला, आणि दोन्ही वेळा तो चुकून आला असावा असं वाटलं, कारण कॅमेरा तेव्हा तिरका होता.

चौकटीच्या वरच्या कडेला मात्र एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक क्लिपमध्ये दिसते. एक हात. गिऱ्हाइकाच्या पाठीवरच्या सिलिंडरची मान घट्ट धरलेला, उन्हाने रापलेला हात. मालवणला येणाऱ्या बहुतेकांना पोहता येत नाही. त्यांना पाच-सहा मीटर खाली नेऊन परत आणण्याचं सगळं काम त्या हाताचं असतं. क्लिप बनवणारा तो हात शक्य तितका कापतो. मीही कापत आलोय. थोडं झूम केलं की तो चौकटीबाहेर जातो आणि जोडपं एकटंच समुद्रात तरंगतंय असं वाटतं.

हृतिकचे अश्रू

ही क्लिप आकाशातून पडलेली नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, स्कुबा म्हटलं की एकच नाव निघेल : 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. झोया अख्तरचा हा सिनेमा जुलै २०११ मध्ये आला. तीन मित्र स्पेनमध्ये, कोस्टा ब्राव्हाच्या किनाऱ्यावर. पाण्याला घाबरणारा अर्जुन, म्हणजे हृतिक रोशन, डायव्हिंग शिकवणाऱ्या लैलाच्या भरवशावर खाली उतरतो आणि वर आल्यावर रडतो. मग फरहान अख्तरच्या आवाजात जावेद अख्तर यांची कविता.

या दृश्याची टिंगल करणं सोपं आहे, कारण त्याच्या नकला इतक्या झाल्या. पण परवा मी सिनेमा पुन्हा पाहिला, आणि दृश्य अजून चालतं असंच म्हणेन. ते चालण्याचं कारण पाण्याबाहेर आहे. तोवर आपण या माणसाला गाडीत बसूनही फोनवर सौदे करताना पाहिलेलं असतं. त्याला पाण्याची भीती आहे हे आपल्याला माहीत असतं. उतरण्याआधीची त्याची चुळबुळ दिग्दर्शिकेने ठेवलेली आहे. पाण्याखालच्या शांततेला वजन येतं ते बाहेरच्या या गोंगाटामुळे.

आमच्या क्लिपांनी या दृश्याचा अर्धा भाग उचलला. शांतता घेतली, भीती वगळली. अश्रूंच्या जागी अंगठा आला. आणि सिनेमातही जी गोष्ट कमी होती ती क्लिपांमध्ये पार नाहीशी झाली : तो समुद्र कुणाचा, त्यात काय जगतं, याची चौकशी. अर्जुनसाठी समुद्र हे औषध होतं. औषधाच्या गोळीला कुणी नाव-गाव विचारत नाही.

एक गंमत इथे सांगायला हवी. घाटंजीत प्रवाळ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही, पण पोवळं सगळ्यांना माहीत आहे. मंगळ कडक असला की सोनाराकडून पोवळ्याची अंगठी करून घ्यायची. ते लाल पोवळं शतकानुशतकं मुख्यतः भूमध्य समुद्रातून येत आलंय, अर्जुनने डुबकी मारली त्याच समुद्रातून. म्हणजे आमच्या गावाचं समुद्राच्या तळाशी नातं सिनेमापेक्षा, क्लिपेपेक्षा खूप जुनं आहे. पण तेही असंच : बोटात एक खडा, बाकी समुद्र कापलेला.

कुस्तोचा सुरुंग

पाण्याखालचा सिनेमा घरोघरी पोहोचवला तो फ्रान्सच्या जाक-इव्ह कुस्तोने. १९४३ मध्ये एमिल गान्यान या इंजिनिअरबरोबर त्याने श्वास घेण्याचं जे उपकरण तयार केलं, त्याचीच सुधारलेली रूपं आज मालवणच्या बोटीवर असतात. १९५६ मध्ये त्याने लुई मालबरोबर 'द सायलेंट वर्ल्ड' हा माहितीपट केला. माल तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान या माहितीपटाला मिळाला, पुढे ऑस्करही.

आज तो पाहताना अंगावर काटा येतो. एका ठिकाणी ही मंडळी प्रवाळात सुरुंग लावतात. तिथे कोणकोणते मासे राहतात याची मोजदाद करायची, म्हणून. स्फोट होतो, मेलेले मासे वर येतात, ते गोळा करून मोजले जातात. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या जहाजाच्या पंख्याने व्हेलचं पिल्लू जखमी होतं, त्याच्या रक्तावर शार्क जमतात, आणि खलाशी चिडून त्या शार्कना बोटीवर ओढून ठेचून मारतात. कासवाला धरून त्याच्यामागे ओढलं जाण्याचाही खेळ होतो.

हे सगळं भयंकर आहे. तरी एडिटर म्हणून मला एक कबूल करावं लागतं : त्यांनी ते कापलं नाही. आपण इथे आलो, आपण हे केलं, हे पडद्यावर ठेवलं. कुस्तो पुढे समुद्र वाचवण्याची मोठी बाजू घेणारा माणूस झाला, आणि त्याच्या बदलाचा अर्थ आपल्याला लावता येतो तो हे शॉट शिल्लक आहेत म्हणून. सुरुंग लावणारा हात चौकटीत आहे. आमच्या क्लिपांमध्ये बिस्किटाचा चुरा सोडणारा साधा हातही नसतो.

चौदा मिनिटं

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन मी मालवणला गेलो. तिने समुद्र पाहिला नव्हता. किनाऱ्यावर उभी राहून तिने आधी पाणी चाखून पाहिलं आणि थुंकली. म्हणाली, "एवढं पाणी अन् सारं खारट. काय कामाचं बापा?" मी स्कुबाचे पैसे भरून आलो तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "तुले पोहता तरी येते का रे?" मी म्हटलं, लागत नाही. ती बोटीत बसायला तयार झाली नाही. माझ्या चपला हातात घेऊन वाळूतच थांबली.

समोर सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये काम सुरू होऊन १६६७ मध्ये कुरटे बेटावर उभा राहिलेला. त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. बोटीवर दोन तरुण. एक मला सूचना देत होता : नाकाने श्वास नाही, तोंडाने घ्या, कान दुखले तर नाक दाबून हवा द्या, ठीक असेल तर बोटांनी गोल करून दाखवा. आणि एक शेवटची सूचना, जी मी वाऱ्यात अर्धवट ऐकली. मग त्याने सोबत्याला सांगितलं, "ह्येका धर रे जरा," आणि मी पाठीवर पडलो.

परतल्यावर त्यांनी मोबाइलवर एक मिनिट पन्नास सेकंदांची क्लिप पाठवली. अगदी ठरलेल्या व्याकरणातली. बुडबुडे, डोळे, मासे, अंगठा. घाटंजीला सगळ्यांना आवडली. मी मात्र धंद्याच्या सवयीने कच्चं फुटेज मागून घेतलं होतं. कॅमेऱ्याच्या कार्डावरची पूर्ण फाइल, चौदा मिनिटांची. ती मी महिनाभर उघडलीच नाही. एका रात्री काम नव्हतं म्हणून उघडली.

सुरुवात किनाऱ्यावरची आहे. कॅमेरा चालू आहे का हे बघताना त्या मुलाने तो वाळूकडे धरला होता. त्यात आई दिसते. दोन्ही हातांत एकेक चप्पल, पदर डोक्यावरून घट्ट, आणि नजर बोटीवर.

चौथ्या मिनिटाला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरतं. मी हातपाय मारतो आणि समोर जे सापडलं ते धरतो. ते मला खडक वाटलं होतं. फुटेज थांबवून मोठं करून पाहिलं : खडकावर वाढलेला, जाड पानांसारखा पसरलेला प्रवाळ होता तो. माझी चारही बोटं त्याच्या कडेवर. मग वरून तो रापलेला हात येतो आणि माझी बोटं एकेक करून सोडवतो. घाई नाही, राग नाही. लहान मुलाच्या मुठीतून काच काढावी तसं. पुढच्या क्षणी मी अंगठा वर करतो.

हाच तो अंगठा. क्लिपमध्ये गाण्याच्या ठेक्यावर बसवलेला, "एकदम मस्त" असं सांगणारा. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत अंगठा वर म्हणजे मस्त नव्हे. त्याचा अर्थ "मला वर न्या". बोटीवरची जी शेवटची सूचना मी अर्धवट ऐकली होती, ती हीच. म्हणजे मी घाबरून "वर न्या" म्हणत होतो, ते त्या मुलाला बरोबर कळलं, त्याने मला वर नेलं, मास्क नीट बसवला, "परत जायचं का?" विचारलं. दुसऱ्या खेपेला मी शांत होतो. तेव्हा मी प्रवाळ खरोखर पाहिला. पण क्लिपमध्ये ती दुसरी खेप नाही. शांत माणूस व्हिडिओत कंटाळवाणा दिसतो, हे मलाही माहीत आहे.

त्या रात्री मी हार्ड डिस्कवरच्या जुन्या क्लिपा काढून बसलो. नवरा, नवरी, अंगठा वर. नवरा, नवरी, अंगठा वर. यातले किती जण खूश होते आणि किती जण वर न्या म्हणत होते? डोळ्यांवरून सांगता येईना, मास्कमागे सगळेच डोळे मोठे दिसतात. आणि त्या सगळ्यांवर गाणं मीच नीट बसवलं होतं.

मालवणचा समुद्र निळा नाही

क्लिपांमध्ये आणखी एक खोटं असतं, ते रंगाचं. मालवणचं पाणी मालदीवसारखं नितळ नाही. पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांचा गाळ उतरतो, पाणी गढूळ होतं, जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंदच असतं. एरवीही काही मीटरपलीकडे धूसर हिरवं. आम्ही एडिटर हिरवा काढून निळा भरतो. पण या गढूळ पाण्यात प्रवाळ तगतो हीच तर इथली खरी गोष्ट आहे. इथला प्रवाळ फांद्याफांद्यांच्या रंगीत बागेसारखा कमी आणि खडकाला चिकटलेल्या गोळ्यांसारखा, थाळ्यांसारखा जास्त दिसतो. गोळ्यांसारखा प्रवाळ वर्षाला साधारण एखाद्या सेंटिमीटरने वाढतो. माझ्या बोटांनी जो कडा धरला होता, त्याला तिथवर यायला किती वर्षं लागली असतील याचा हिशेब मी नंतर केला आणि मग सोडून दिला.

हा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे, वाघाला आहे तीच. आमच्या टिपेश्वरला वाघ बघायला आलेला माणूस जिप्सीतून उतरून वाघाची शेपटी धरत नाही. मी धरली, आणि मला कळलंही नाही, कारण तोवर पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओने ते जिवंत आहे असं मला सांगितलं नव्हतं.

किनाऱ्यावर याच समुद्रावर जगणारी माणसं आहेत. रापण ओढणाऱ्या मच्छीमारांना अभयारण्य आलं तेव्हा ते आपल्या पोटावर येईल असं वाटलं आणि त्यांनी विरोध केला. डायव्हिंग आलं तसा या वस्त्यांमधल्या कितीतरी मुलांना त्यात रोजगार मिळाला. त्यात धोकाही आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. यातलं काहीच क्लिपमध्ये येत नाही. ते सगळं किनाऱ्यावर घडतं, आणि क्लिप सुरू होते पाण्याखाली.

जगात काही बेटं अशी आहेत की प्रवाळ अगदी किनाऱ्याला लागून आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअरला रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर डायव्हिंगच्या जागेचं नाव. गाडी लावायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचं आणि चालत समुद्रात उतरायचं. मालदीवच्या रिसॉर्टांसमोरही कित्येक ठिकाणी असंच. याला शोअर डायव्हिंग म्हणतात. मला ही पद्धत तत्त्व म्हणून आवडते. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं, लाट, वाळू, शेवाळ, मग पहिला खडक. मधलं सगळं पायाखालून जातं. आम्हाला व्हिडिओत नेमकं हेच चालणं वगळायची सवय लागली आहे.

आम्हाला कॅमेरा माहीत आहे

या चालण्याची किंमत ओळखणारा एक माहितीपट म्हणजे 'माय ऑक्टोपस टीचर' (२०२०). दक्षिण आफ्रिकेतला क्रेग फॉस्टर घराजवळच्या किनाऱ्यावरून, सिलिंडरशिवाय, थंडगार पाण्यात रोज उतरतो आणि एका ऑक्टोपसचं जवळजवळ अख्खं आयुष्य बघतो. तिथे प्रवाळ नाही, समुद्री वनस्पतींचं जंगल आहे. पण रोज तिथेच जाण्यातून जे दिसतं ते कुठल्याही रंगीत दृश्यापेक्षा जास्त आहे. माझी तक्रार एवढीच की त्या किनाऱ्यावर त्याच्याखेरीज जवळजवळ कुणीच राहत नाही असं वाटतं. समुद्र त्यालाही शेवटी मनाचं औषध म्हणूनच लागतो, अर्जुनसारखा.

दुसरा 'चेसिंग कोरल' (२०१७), जेफ ऑर्लोव्स्कीचा. प्रवाळ पांढरा कसा पडतो हे त्याला दाखवायचं आहे. प्रवाळ म्हणजे इवल्या प्राण्यांची वस्ती. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्यांना बहुतेक अन्न आणि रंग देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर फेकलं जातं. उरतो पांढरा सांगाडा आणि त्यावर पारदर्शक, अजून जिवंत, उपाशी प्राणी. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो. पंचेचाळीस अंशांत रोज दुकान उघडणाऱ्या माणसाला एका अंशाने कुणी मरतं हे आधी खरं वाटत नाही. मग आठवतं, अंगात दोन अंश ताप चढला की आपणही आडवे होतो.

या माहितीपटात मला सर्वांत भावला तो त्याचा बिघाड. पाण्याखाली महिनोन्‌महिने आपोआप फोटो काढणारे महागडे कॅमेरे त्यांनी बसवले आणि ते फोकसच चुकले. मग झॅक रेगो हा तरुण आणि त्याचे साथीदार ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर रोज स्वतः खाली उतरतात, त्याच जागी त्याच कोनातून हाताने चित्रण करतात. रोज, आणि रोज थोडा जास्त मेलेला प्रवाळ. २०१६ च्या त्या काही महिन्यांत ग्रेट बॅरियर रीफवरचा उथळ पाण्यातला जवळपास तीस टक्के प्रवाळ मेला. दिग्दर्शकाने फसलेले कॅमेरेही ठेवले आणि झॅकचं खचणंही. म्हणून शेवटचे आधी-नंतरचे शॉट येतात तेव्हा ते कुणीतरी रोज जाऊन, हाताने मिळवलेले वाटतात.

तरीही एक गोष्ट मला खटकली, आणि ती यवतमाळचा असल्यामुळे खटकली असावी. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या जिल्ह्यात चॅनलच्या गाड्या यायच्या. भेगाळलेली जमीन, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, त्याखाली बसलेली बाई. तिला "जरा इकडे बघा" म्हणायचे. गाड्या निघून गेल्या की ती बाई उठून चहा ठेवायची, कापूस वेचायला जायची, पोराच्या फीसाठी भांडायची. ते कुठेच दिसलं नाही. देशाने यवतमाळ पाहिलं ते एवढंच. खोटं काही नव्हतं त्यात. फक्त बाकीचं सगळं कापलेलं होतं.

प्रवाळाचं तसंच होतंय. एक तर तो हनिमूनच्या मागचा पडदा, नाहीतर पांढरा मृतदेह. 'चेसिंग कोरल'च्या शेवटी शास्त्रज्ञांची परिषद पडदा बघून रडते. मला विचारावंसं वाटलं, या बेटांच्या किनाऱ्यांवर राहणारी, त्या समुद्रातले मासे खाणारी माणसं कुठे आहेत? ती या शोकात जवळजवळ दिसतच नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमध्ये स्नॉर्केलिंग करतानाचे फोटो आले आणि देशभर लक्षद्वीपची तिकिटं शोधली जाऊ लागली. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवर प्रवाळ पांढरा पडण्याची चौथी लाट जाहीर केली होती. पहिल्या फोटोंवर माझ्या फोनमध्ये पन्नास रील आल्या. दुसऱ्या बातमीवर एकही आली नाही. म्हणून कुणी तिथे जाऊच नये असं मी म्हणत नाही. मी स्वतः गेलो, पैसे देऊन गेलो, आणि पुन्हा जाईन. माझं म्हणणं फक्त एडिटिंगबद्दल आहे. एकाच उन्हाळ्यातली ही दोन दृश्यं आपण एकमेकांशेजारी लावलीच नाहीत.

शेपूट

विदर्भात राहून जंगल आणि पाणी वाचायला शिकवलं ते मारुती चितमपल्लींनी. नवेगावबांधच्या दिवसांबद्दल लिहिताना त्यांनी पक्ष्यांची, माशांची नावं तिथल्या माणसांच्या तोंडून घेतली. सांगणाऱ्याला त्यांनी मजकुरातून वगळलं नाही. पाण्याखालच्या व्हिडिओला मी आता तीच मोजपट्टी लावतो. कुणी नेलं ते दिसतं का? कुणाच्या भरवशावर श्वास घेतला ते दिसतं का? आणि ज्याला हात लागला ते जिवंत आहे हे कळतं का?

गेल्या हिवाळ्यात एका जोडप्याचा व्हिडिओ आला. मी त्यांच्याकडून पूर्ण फुटेज मागवलं. तीन मिनिटांचं शेपूट केलं. बोटीवर नवरीचं घाबरणं ठेवलं, सिलिंडर धरलेला हात ठेवला, हिरवं पाणी हिरवंच ठेवलं, प्रवाळावर नऊ सेकंद थांबलो. नवरीने पाहिलं आणि हसली. म्हणाली, "हो, मी लई भ्याली होती." नवऱ्याला पटलं नाही. "दादा, हे मालवणचं वाटतच नाही. पाणी निळं करा ना. अन् तो हात काढा मधला." मी समजावून पाहिलं. शेवटी पाणी निळं करून दिलं. पैसे त्यांचे आहेत. हात मात्र काढला नाही, सांगितलं की निघत नाही.

माझा स्वतःचा व्हिडिओही नव्याने कापलाय. सहा मिनिटांचा झाला. अंगठ्यावरचं गाणं काढलं, तिथे आता फक्त श्वासाचा आवाज आहे. सुरुवात वाळूतल्या शॉटने होते. आईला दाखवला. पाण्याखालचं सगळं तिने शांतपणे पाहिलं. त्या मुलाने माझी बोटं सोडवली तिथे म्हणाली, "कोणाचं पोरगं आहे ते?"

मी त्याचं नाव विचारलंच नव्हतं.